बिब्ब्याची खूण आणि रेशमाचा रिठा

रत्नागिरीत कपड्याला बाधणारे खरे डाग चिकाचे: हापूसच्या देठाचा, ओल्या काजूच्या टरफलाचा आणि बिब्ब्याचा. तिन्ही झाडे एकाच कुळातली. काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आणला, पण बिब्ब्याशी परटाची ओळख त्याआधीची. गिऱ्हाइकांचे कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून तो कपड्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याच्या रसाने खूण करी आणि चुन्याने ती पक्की करी. भट्टीतला खार, वाफ, दगडावरची आपटणी, कशालाही ती दाद देत नसे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या परदेशी सैनिकांना या खुणांमुळे पुरळ उठले, आणि १९४३ साली वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद झाली. इतक्या धुण्यांनंतरही रस कापडात टिकून होता. म्हणजे खाराने चीक निघत नाही, हे परटाला पक्के ठाऊक होते. त्याचा सारा हिशेबच त्यावर चालत असे. म्हणून पैठणीला किंवा पीतांबराला रिठाच लावायचा, या रिवाजाला भाबडी परंपरा म्हणता येत नाही. सुती कापड खारात उकळले तरी टिकते. रेशीम मात्र प्रथिनाचे. कडक खारात त्याचा धागाच विरघळू लागतो. डाग जागेवर आणि शालू गेलेला, असा तो सौदा झाला असता.

यावर कुणी मनुस्मृती पुढे करील. तिच्या पाचव्या अध्यायात रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीने शुद्ध करायला सांगितली आहे. रिठा आहे तो कुतपांसाठी, म्हणजे घोंगड्यांसाठी. आक्षेप बिनतोड नाही. कच्च्या रेशमावरचा डिंकही सौम्य खारानेच काढतात. पण सौम्य खाराचा हात फिरवणे वेगळे आणि भट्टीत तासन्‌तास शिजवणे वेगळे. शिवाय ग्रंथातला नियम शुद्धीचा आहे, चिकाच्या डागाचा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक रास्त: रिठ्याने तरी चीक कुठे निघतो? वाळलेला नाहीच निघत. हवा लागली की तो काळा पडून रोगणासारखा घट्ट होतो. ओला असेपर्यंत मात्र तो तेलकट असतो आणि तेलातच सुटतो. ओले काजूगर सोलणाऱ्या बायका हाताला आधी खोबरेल चोळून घेतात ते याच गुणामुळे. रेशमावरही तोच मार्ग उरतो: चीक ओला असतानाच खोबरेलाने सोडवून टिपून घ्यायचा. मग मागे राहतो नुसता तेलाचा डाग, आणि त्याला रिठ्याचा फेस पुरतो.