ब्राउझरची नवी आवृत्ती आणि आपली अक्षरे



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांसमोर येतात. परंतु आपल्या डोळ्यांदेखत घडलेला आणि मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत येऊन पोहोचलेला असाही एक इतिहास आहे. तो म्हणजे संगणकावरील ब्राउझरचा. इंटरनेटवरील पाने आपण ज्या प्रोग्रॅममधून वाचतो, तो ब्राउझर. त्याची नवी आवृत्ती आल्याची सूचना पडद्यावर दिसते, आणि आपल्या इंदिरानगरातील घरांत काय किंवा दुकानांत काय, पुष्कळजण ‘नंतर पाहू’ म्हणून ती बंद करतात. या ‘नंतर’चा अर्थ नीट समजावा, म्हणून थोडे मागे जाऊ.

पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली तयार केला. १९९४ च्या डिसेंबरात नेटस्केप नॅव्हिगेटर आला आणि ऑगस्ट १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. म्हणजे आपण या वाटेवर पाऊल टाकले, तेव्हा दोन कंपन्यांची शर्यत ऐन भरात येत होती.

या शर्यतीत आपल्या भाषेचे काय झाले? त्या काळी मराठी पाने विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असत. रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसविलेला असे. फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटत. १९९७ साली दोन्ही ब्राउझरांच्या चौथ्या आवृत्तीने पानासोबत फॉन्ट पाठविण्याची सोय केली. पण दोघांच्या पद्धती वेगळ्या. पुढे २००० साली नेटस्केपची सहावी आवृत्ती नव्याने लिहिली गेली आणि तिच्यातून ही सोय वगळण्यात आली. ज्यांनी त्या पद्धतीवर भिस्त ठेवली होती, त्यांची पाने नव्या आवृत्तीत वाचता येईनात. उर्दूची अडचण निराळी. नस्तालीक लिपीची सोय नसल्याने अनेक उर्दू वृत्तपत्रे पानाचे चित्रच संकेतस्थळावर ठेवीत. चित्रातला शब्द तेव्हा शोधता येत नसे आणि उतरवूनही घेता येत नसे.

यावर उपाय ठरला तो युनिकोड. १९९१ च्या या प्रमाण पद्धतीत देवनागरी आणि अरबी या दोन्ही लिप्यांतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये एका चौकटीत खूण करून गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांची सोय बसवावी लागे. गंमत पाहा, मराठी आणि उर्दू या दोघींचे दार त्या एकाच खुणेने उघडत होते! १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच पद्धतीवर उभा आहे.

आता दुसरा धडा. स्पर्धक संपल्यावर इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली, आणि सातवी थेट २००६ मध्ये. पाच वर्षे साचलेल्या पाण्यात डास व्हावेत तसे झाले. सुरक्षेतील उणिवांचा फायदा लबाडांनी घेतला. अनेक कार्यालयांनी तर त्या एकाच ब्राउझरसाठी संकेतस्थळे बांधली. २००४ मध्ये फायरफॉक्स आणि २००८ मध्ये क्रोम आल्यावर हे चित्र बदलले. क्रोम आपोआप अद्ययावत होऊ लागला. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याने जावाचे जुने जोडप्रोग्रॅम बंद केले. २०२० अखेर फ्लॅश संपले आणि १५ जून २०२२ रोजी बहुतेक संगणकांवरील इंटरनेट एक्सप्लोररचा आधारही मायक्रोसॉफ्टने काढून घेतला. ज्यांनी बदल पुढे ढकलला होता, त्यांची कामे अडली.

येथे एक प्रामाणिक प्रश्न उभा राहतो. ब्राउझर फुकट मिळतो, पण संगणक मिळत नाही. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला. विंडोज सातवर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती एकशे नववी, जानेवारी २०२३ ची. ज्या घरात जुनाच संगणक आहे, त्या घराला केवळ ‘अपडेट करा’ असे सांगणे म्हणजे अर्धाच सल्ला. अशा संगणकावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसवून नवा ब्राउझर वापरता येतो. विद्यार्थ्यांनी हे काम शिकून घ्यावे. शेजारच्या चार घरांना उपयोग होईल. शाळांनीही संगणककक्षातील ब्राउझरची आवृत्ती अर्जांच्या दिवसांपूर्वीच तपासावी.

नवी आवृत्ती ब्राउझरच्या स्वतःच्या ‘विषयी’ या पानावरून किंवा कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी. कोठल्याही पानावर अचानक झळकणाऱ्या ‘ताबडतोब अपडेट करा’ या जाहिरातीस भुलू नये. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत उद्या संपणार असेल, तर अर्ज आधी भरावा, पण त्याच आठवड्यात ब्राउझरही अद्ययावत करावा. आणि मराठी असो वा उर्दू, जे लिहाल ते युनिकोडमध्ये लिहा. आवृत्त्या येतील आणि जातील. आपले लिखाण मात्र आपल्या मुलाबाळांना वाचता आले पाहिजे.