वाचणारा विचारायला येणार नाही

आमची पुतणी हिंजवडीत नेटवर्कचं काम करते. गेले काही महिने ती राऊटर-स्विच बाजूला ठेवून चक्क लिहीत बसली आहे. शेकडो यंत्रांत एकदम बदल करणारी जी साधनं तिच्या कंपनीत आहेत, त्यांतलं कुठलं कशासाठी, कधी वापरायचं आणि कधी अजिबात नाही, याची टिपणं. वाचणारा मात्र माणूस नाही, एआय एजंट आहे. म्हणजे काम सांगितलं की कुठलं साधन उचलायचं ते स्वतःच ठरवून काम करून मोकळं होणारं सॉफ्टवेअर. ती म्हणाली, "काका, नवीन पोरगा अडला तर शेजारच्याला विचारतो. हा पुष्कळदा विचारतच नाही. टिपणात नसेल ते मनानं भरतो आणि पुढे जातो."

मला एकदम चिपळूणचं पत्र आठवलं. वर्गात ते दर वर्षी सांगायचो, उंदराचा भाग पोरांना फार आवडायचा.

राज्याभिषेकाच्या आगेमागे शिवाजी महाराजांचं लष्कर चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी छावणीला होतं. तिथल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं हे पत्र. नुसती ताकीद द्यायची तर दोन ओळींत झाली असती : दाणावैरण जपून वापरा, रयतेला त्रास देऊ नका, आग सांभाळा. पण महाराज प्रत्येक गोष्टीची पुढची पायरी सांगतात. आत्ता वैरण उधळली तर ऐन पावसात संपेल, घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरचं धान्य, गवत, लाकूड उचलायला लागाल, तो गाव सोडून जाईल, आणि त्याला वाटेल यांच्यापेक्षा मोगल बरे. आगीचंही तसंच. कोणी गवताजवळ चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल. एक गंजी पेटली की सगळी छावणी गेली.

उंदराची वात! हुकूम सोडणाऱ्यानं इतकं कशाला लिहावं? कारण हवालदारापुढे उद्या काय येईल ते रायगडावरून दिसत नाही. कारण कळलेला माणूस पत्रात नसलेल्या प्रसंगीही नीट वागतो. माझ्या मते आपल्या भाषेतलं सूचना लिहिण्याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

संगणकवाल्यांनाही याची जाण लवकर आली होती. १९७१ साली युनिक्सची पहिली पुस्तिका निघाली, तिच्यात आज्ञांच्या माहितीखाली 'बग्ज' म्हणून स्वतंत्र रकाना असे. आमच्याच साधनात काय खोट आहे, ते आम्हीच लिहून ठेवतो! (मिक्सरच्या पुस्तिकेत असं कधी वाचलंय?)

नेटवर्कची गोष्ट जरा उशिरा सुरू झाली. आधी एकेका यंत्रात शिरून आज्ञा हातानं टंकायच्या. १९९०च्या सुमारास 'एक्स्पेक्ट' आलं : पडद्यावर अमुक अक्षरं दिसली की तमुक उत्तर दे. पडद्यावरचा एखादा शब्द बदलला की गाडी अडली. २००६ साली नेटकॉन्फ आलं, २०१२ साली अ‍ॅन्सिबल. एक आज्ञा, हजार यंत्रं. सोय झाली खरी, पण चूकही हजारपट झाली. ४ ऑक्टोबर २०२१ आठवतो ना? व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक तासन्‌तास बंद होतं. जोडणीची क्षमता तपासण्यासाठी एक आज्ञा दिली गेली आणि तिनं जोडण्याच तोडल्या. अशी आज्ञा अडवायला ठेवलेल्या साधनातही दोष निघाला. आणि ती आज्ञा माणसानंच दिली होती हं, एआयनं नव्हे.

एजंटला साधनं जोडून देण्याची एक सामाईक पद्धत, एमसीपी, नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. तीत प्रत्येक साधनाचं नाव, वर्णन आणि त्याला काय काय माहिती द्यायची ते लिहायचं असतं. २०२५ मध्ये आणखी खुणांची सोय झाली : हे साधन नुसतं पाहतं की बदलतं, बदल मोडतोडीचा आहे का, दोनदा चालवलं तर दुसऱ्यांदा वेगळं काही होतं का. यातला एक नियम मला फार पटला. काहीच लिहिलं नसेल तर साधन मोडतोड करणारं आहे, असंच धरून चालायचं.

पुतणीनं आधी लिहिलं होतं, "हे साधन पोर्ट बंद करते." माझ्याशी बोलल्यावर तिनं खाली भर घातली : "आपण ज्या पोर्टमधून यंत्रापर्यंत पोचलो तेच बंद केलं तर परत आत शिरता येणार नाही, कोणाला तरी तिथं प्रत्यक्ष पाठवावं लागेल, म्हणून आधी आपली वाट तपासा." बसल्या फांदीवर कुऱ्हाड, दुसरं काय!

एक गोष्ट मात्र तिच्याही हातात नाही. शिवकालीन पत्राच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' हा मोर्तबाचा शिक्का असे, कागदाच्या सांध्यांवरही शिक्के असत, म्हणजे मागाहून कोणी चार ओळी घुसडू नयेत. एजंट वाचतो त्या वर्णनात तिऱ्हाइतानं एखादं वाक्य घुसवलं, तर तो तेही हुकूम समजून पाळू शकतो. म्हणूनच, ओळखीच्या ठिकाणाहून आलेल्या नसतील तर त्या खुणांवरही विसंबू नका, असं एमसीपीच्या नियमांतच लिहिलंय. तिच्या कंपनीत तूर्त मोडतोडीच्या प्रत्येक साधनाआधी माणसाचा होकार घ्यायचा ठरलंय. रात्री दोन वाजता आला तरी फोन उचलायचा. या आठवड्यात पाळी तिची आहे.