‘प्रेषित’ शब्द आणि आद्य ख्रिस्ती मंडळीतील अधिकार

पहिल्या शतकातील ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास सांगताना प्रेषितांचा अधिकार प्रारंभापासूनच निश्चित होता, असे गृहीत धरण्याचा प्रघात आहे. येशूचे बारा प्रेषित, त्यांनी नेमलेले अध्यक्ष आणि त्या अध्यक्षांचे वारस अशी ती सरळ परंपरा मानली जाते. परंतु या शब्दाचा कालानुक्रमाने मागोवा घेतला असता निराळे चित्र दिसते. आरंभी ‘प्रेषित’ हे एका कार्याचे नाव होते. पुढे ते एका मर्यादित वर्गाचे पद झाले, आणि हे स्थित्यंतर वादातून घडले.

ग्रीक ‘आपोस्तोलोस’ हा शब्द ‘पाठविणे’ या अर्थाच्या धातूपासून साधला आहे. मराठी बायबलातील ‘प्रेषित’ हा क्तप्रत्ययान्त शब्द त्याच्याशी नेमका जुळतो. अभिजात ग्रीकमध्ये तो बहुधा नाविक मोहिमेस लावला जाई. हिरोडोटसने मात्र क्वचित तो दूत या अर्थी योजला आहे. यांत धार्मिक अधिकाराची छटा नाही. ती ज्यू परंपरेतील ‘शालियाह’ या कल्पनेतून आली, असे मत रेंगस्टॉर्फ या जर्मन पंडिताने १९३३ मध्ये मांडले. मनुष्याचा मुखत्यार हा त्या मनुष्यासारखाच समजावा, असा नियम मिश्ना या ज्यू संहितेत आहे. मात्र मिश्नेचे संकलन इ. स. २०० च्या सुमाराचे असल्याने हा आधार जपूनच वापरावा लागतो. एवढे खरे की, दोन्ही भाषांत पाठविलेल्याचा अधिकार हा पाठविणाऱ्याचा असतो. तेव्हा अमुक मनुष्यास कोणी पाठविले, हे सिद्ध कसे करावयाचे, हाच मूळ प्रश्न होय.

पौलाची पत्रे ही उपलब्ध ख्रिस्ती वाङ्मयात सर्वांत जुनी असून ती साधारणतः इ. स. ५० ते ६० या दशकातील आहेत. त्यांत हा शब्द अद्याप सैल आहे. फिलिप्पैच्या मंडळीने पाठविलेला एपफ्रदीत हा त्या मंडळीचा ‘प्रेषित’ आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात ‘बारा जण’ आणि ‘सर्व प्रेषित’ यांचा उल्लेख वेगवेगळा येतो. त्या अर्थी हे दोन वर्ग पौलाच्या दृष्टीने एक नव्हते. स्वतःविषयी मात्र तो अतिशय आग्रही आहे. आपली नेमणूक मनुष्यांकडून झालेली नाही, असे तो गलतीकरांस बजावतो. अंत्युखियात पेत्राला आपण तोंडावर विरोध केला, हेही सांगतो. करिंथमध्ये प्रतिस्पर्धी शिफारसपत्रे घेऊन आले, तेव्हा त्याने आपले पत्र म्हणून त्या मंडळीकडेच बोट दाखविले. प्रभूचे दर्शन आणि कार्याचे फलित, एवढेच त्याचे पुरावे होते.

लूकलिखित ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात कसोटी बदललेली दिसते. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड करताना, योहानाच्या बाप्तिस्म्यापासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंत जो सोबत होता तोच पात्र, असा निकष सांगितला आहे. या निकषावर पौल उतरत नाही. लूकने त्याचे कार्य विस्ताराने वर्णिले, तरी त्याला व बर्णबाला ‘प्रेषित’ म्हटले ते केवळ चौदाव्या अध्यायात.

पद संकोचल्याचा परिणाम अंद्रोनीक व युनिया यांच्या उल्लेखात प्रत्ययास येतो. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातील तो शब्दप्रयोग ‘प्रेषितांमध्ये नामांकित’ असा लावावा की ‘प्रेषितांना सुपरिचित’ असा, याविषयी मतभेद आहेत. चौथ्या शतकात जन्मलेल्या योहान ख्रिसोस्तोमने पहिला अर्थ घेतला आणि युनिया ही स्त्री असल्याचे मानून तिची प्रशंसा केली. विसाव्या शतकातील छापील ग्रीक आवृत्त्यांनी मात्र केवळ स्वरचिन्ह बदलून तिचा ‘युनियास’ हा पुरुष केला. असे पुरुषनाम प्राचीन लेखांत कोठेही आढळत नाही.

१८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दिदाखे’ या ग्रंथात फिरत्या प्रेषितांचा वर्ग अद्याप जिवंत आहे. प्रेषिताने एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहावे. तिसऱ्या दिवशीही राहिला किंवा त्याने पैसे मागितले तर तो खोटा समजावा, असा त्यातील दंडक आहे. याउलट, पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथला गेलेल्या पत्रात, म्हणजे क्लेमेंटच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पत्रात, देवाने ख्रिस्ताला, ख्रिस्ताने प्रेषितांना पाठविले व प्रेषितांनी अध्यक्ष आणि सेवक नेमले, अशी साखळी येते. निमित्त व्यावहारिक होते: करिंथकरांनी आपल्या वडिलांना पदच्युत केले होते.

दुसऱ्या शतकात ही साखळी वादाचे शस्त्र बनली. बासिलिदेसच्या ज्ञानवादी अनुयायांनीही पेत्राच्या दुभाष्यापासून आपली परंपरा सांगितली. सुमारे इ. स. १८० मध्ये इरेनियसने त्यावर जे उत्तर दिले त्याचे मर्म ‘उघडपणा’ या एका शब्दात सांगता येईल. खाजगी उपदेशाची परंपरा तपासता येत नाही. रोमच्या अध्यक्षांची नामावली कोणालाही पडताळता येते. त्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियाच्या सेरापियोनने पेत्राच्या नावावरील एक शुभवर्तमान नाकारले, तेही प्रेषितांविषयीचा आदर राखूनच.

सारांश, सुमारे दीडशे वर्षांत प्रेषिताचा अधिकार व्यक्तीच्या कार्याकडून पदाकडे आणि ग्रंथाकडे सरकला. त्यामुळे भोंदूंना आळा घालणारे सार्वजनिक प्रमाण मिळाले; परंतु दर्शन आणि कार्य यांखेरीज अन्य पुरावा नसलेल्या नव्या पौलाला त्या व्यवस्थेत जागा उरली नाही. म्हणूनच आद्य ख्रिस्ती लेखनात ‘प्रेषित’ शब्द आला असता, तो कोणत्या दशकातील आणि कोणत्या वादातील आहे, हे अभ्यासकाने प्रथम पाहिले पाहिजे.