पवईचा तलाव: न पिण्याजोग्या पाण्याची गोष्ट

मंडळी, गेल्या रविवारी सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवून पवई तलावावर गेलो होतो. जानेवारीची थंडी (मुंबईत जेवढी असते तेवढी!), पाण्यावर धुकं, आणि मागे जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोडवर मेट्रोचे खांब. अर्ध्या तासात वारकरी, टिबुकली, पाणकावळे, जांभळी पाणकोंबडी एवढी मंडळी दिसली. एक कमळपक्षी तर जलपर्णीच्या पानांवरून असा टाचा उचलत चालला होता की वाटलं, आपल्या फुटपाथवर यालाच सोडावं, खड्डे बरोबर चुकवेल. बाजूला एक काका गळ टाकून बसले होते. त्यांनी मला विचारलं, "मगर बघायला आलात काय?" येणारा प्रत्येक जण तेच विचारत असणार.

त्याच काकांनी पुढे विचारलं, "एवढं पाणी आहे, मग आपल्या नळाला का येत नाही हो?" प्रश्न साधा आहे, पण उत्तरात मुंबईचा दीडशे वर्षांचा पाण्याचा इतिहास आहे. म्हणून ही लांब पोस्ट. वेळ असेल तर वाचा.

पूर्वी मुंबईची तहान विहिरी आणि टाक्यांवर भागायची. धोबी तलाव, गोवालिया टँक ही नावं उरली, तळी बुजली. लोकसंख्या वाढली तशी ही तळी आटायची आणि घाण व्हायची. १८५४ च्या दुष्काळाने सरकारला जाग आली. मग मिठीच्या उगमाकडे बांध घालून १८६० साली विहार तलाव पूर्ण झाला आणि शहरात नळाने पाणी आलं. तेही पुरेना, म्हणून १८७९ ला तुळशी. तरी पुरेना. तानसाचं मोठं काम सुरू होतं, पण ते पूर्ण होईपर्यंत काय प्यायचं? त्या टंचाईतून पवईचा तलाव बांधला गेला. १८९० मध्ये तो पूर्ण झाला, खर्च सुमारे १२.५९ लाख रुपये. दोन वर्षांत, १८९२ ला, तानसाचं पाणी आलं आणि पवईची गरजच संपली. पाण्याची प्रतही पिण्याजोगी नव्हती. थोडक्यात, घाईघाईत लग्न ठरवलं आणि मुहूर्ताच्या आधीच दुसरं स्थळ आलं.

ही जमीन कुणाची होती तेही सांगतो. १८२९ मध्ये फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी गृहस्थांनी पवईची इस्टेट कंपनी सरकारकडून घेतली. ऊस, नीळ, रेशमासाठी तुती असे शेतीचे प्रयोग त्यांनी इथे केले. हेच ते फ्रामजी, ज्यांनी पदरचे पैसे घालून धोबी तलाव सुधारला, आणि त्याबद्दल त्या तळ्याला त्यांचंच नाव मिळालं. ते तळं आज नाही, आणि त्यांच्या पवईत तळं आलं ते त्यांच्या मृत्यूनंतर जवळपास ४० वर्षांनी. पवई हे नाव गावच्या पद्मावती देवीवरून पडलं असंही सांगतात.

आता आकडे. तलाव भरला की त्यात सुमारे ५४५ कोटी लिटर पाणी असतं आणि पसारा २.२३ चौरस किलोमीटर. मुंबईला रोज ३८५ कोटी लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे हा सगळा तलाव जेमतेम दीड दिवसाचा. त्याचं पाणी जातं ते उद्योगांना आणि आरे कॉलनीला. पावसाळ्यात तो वाहू लागला की बातमी येते आणि आपण खूश होतो. पण ते पाणी मिठीतून माहीमच्या खाडीकडे जातं, आपल्या हंड्यात एक थेंब येत नाही.

मला खरी गंमत (की शोकांतिका?) इथे दिसते. विहार आणि तुळशीचं पाणी आपण पितो, म्हणून ते राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत, पहाऱ्यात आहेत, तिथे तुम्हाआम्हाला सहज जाता येत नाही. पवई कुणी पीत नाही, म्हणून तो मोकळा राहिला. फिरा, पक्षी बघा, तिकीट नाही. आणि तोच मोकळेपणा सांडपाण्यालाही मिळाला. आजूबाजूला वस्ती, टॉवर वाढत गेले, नाले तलावात उतरले, जलपर्णी माजली. यंत्रं येऊन ती काढतात, ती परत येते, कारण तिचं खाद्य बंद झालेलं नाही.

मग काही वर्षांपूर्वी काठाने सायकल ट्रॅक करायचा घाट घातला गेला. जाळीत दगड भरून भराव सुरूही झाला. आयआयटीच्या विद्यार्थ्यांसह काही लोक न्यायालयात गेले. ६ मे २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं आणि भराव काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. मी स्वतः सायकल चालवतो, तरी मला तो निकाल पटला. मगरी उन्हाला येतात त्या काठावरच, आणि पाणकोंबड्या घरटी करतात त्या काठच्या गवतात. काठ गेला तर मधलं पाणी नुसता हौद.

काकांना हे सगळं सांगत होतो, तोवर त्यांना एक रोहू लागला, चांगला हातभर. मी म्हटलं, "खाणार?" त्यांनी गळ सोडवला, मासा परत पाण्यात सोडला आणि पलीकडच्या नाल्याकडे हनुवटी उडवली. म्हणाले, "इथला? छे! घरचे आत घेणार नाहीत."