रहाट, बाहेरकाठा आणि दुरून आखलेला नकाशा

नागावला रस्त्याने येताना समुद्राच्या आधी सुपारी दिसते. दोन्ही बाजूंना वाड्या, नारळ-पोफळीच्या रांगा, मध्ये कौलारू घरं आणि आता त्या घरांच्या मागे कॉटेज. बहुतेक पाहुणे या गर्द सावलीला 'निसर्ग' समजतात. मी याच वाड्यांत वाढले, म्हणून सांगते: यातलं निम्मंच निसर्गाचं आहे, निम्मं माणसाने बांधलेलं आहे. पोफळ उन्हाळ्यात पाण्यावाचून टिकत नाही, आणि इथे खारं पाणी हाकेच्या अंतरावर. तरी बागा आहेत, आणि फार जुन्या आहेत.

किती जुन्या? शेजारच्या आक्षीचा शिलालेख इसवी सन १०१२चा मानला जातो. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी तो एक म्हणून अनेकांना ठाऊक असतो. नागावात सापडलेला शिलालेख तेवढा प्रसिद्ध नाही. तो शके १२८९चा, म्हणजे १३६७च्या आसपासचा. त्यात अष्टागराचा उल्लेख येतो. आगर म्हणजे बागायत. म्हणजे साडेसहाशे वर्षांपूर्वी हा किनारा त्याच्या बागांवरूनच ओळखला जात होता. आणि बागा होत्या म्हणजे पाण्याची काहीतरी व्यवस्थाही होती.

ती व्यवस्था म्हणजे विहीर आणि रहाट. पावसाचं पाणी वाळूत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. भूजलशास्त्रात याचा एक ढोबळ हिशोब आहे: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक फूट वर असेल, तर समुद्रसपाटीच्या खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं. आता हाच हिशोब उलटा वाचा. उपसून ती पातळी एक फूट उतरवली, तर खालचं खारं पाणी हळूहळू चाळीस फूट वर सरकू शकतं.

हा हिशोब युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला गेला. आमच्या वाडीवाल्यांना त्याचं सूत्र माहीत असायचं कारण नव्हतं. पण रहाट तो आपोआप पाळत होता. जनावर गोल फिरणार, गाडगी एकेक करून वर येणार, पाणी पन्हळीतून पाटात आणि पाटातून आळ्यात जाणार. जनावर दमलं की उपसा थांबणार आणि विहीर पुन्हा भरणार. उपशाची मर्यादा यंत्रातच होती. विजेच्या पंपाने कष्ट वाचवले आणि ते वाचायलाच हवे होते. पण त्याबरोबर ती मर्यादाही गेली, आणि तिच्या जागी दुसरी कुणी ठरवली नाही.

अलिबाग तालुक्याची दुसरी बाजू खारेपाटाची, धरमतर खाडीकडची. तिथे प्रश्न उलटा आहे. पाणी वर आणायचं नाही, बाहेर ठेवायचं आहे. भरतीच्या रेषेखालची जमीन बांध घालून मिळवायची आणि तिच्यावर भात पिकवायचं, याला खारबंदिस्ती म्हणतात. सर्वांत बाहेरचा बांध म्हणजे बाहेरकाठा. आतलं पावसाचं पाणी ओहोटीला सोडायला आणि भरतीला बंद राहायला उघाडी. उधाणात बांधाला खांड पडली तर शेतात मीठ शिरतं आणि जमीन पुन्हा पिकायला काही पावसाळे जावे लागतात. त्यामुळे खांड पडली की वाट बघायला वेळ नसतो. पुढच्या भरतीआधी माती टाकावी लागते. हे काम शेतकरी 'जोळ' करून करत, म्हणजे एका बांधाच्या आतले सगळे मिळून.

ऐकायला हे रम्य वाटतं, पण सगळं रम्य नव्हतं. बांधावर माती टाकणारे हात कुळांचे होते आणि पिकाचा मोठा वाटा खोताचा. याच खारेपाटात चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ला शेतकऱ्यांनी संप पुकारला. नारायण नागू पाटील त्याचे नेते होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाठीशी उभे राहिले. पंचवीस गावांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला. संप १९३९पर्यंत चालला. कुळांना कायद्याचं संरक्षण मिळण्याचा रस्ता त्यातून मोकळा झाला.

आणि पाणी? तेही याच जिल्ह्यात सगळ्यांचं नव्हतं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं केलं, पण कागदावर. प्रत्यक्षात ओंजळीत पाणी घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. तळं होतं, ठरावही होता, फक्त पाण्यापर्यंत जायची वाट नव्हती. म्हणून कुणी 'गावात सोय झाली' म्हटलं की मी आधी विचारते, कुणाची?

स्वातंत्र्यानंतर खारजमिनींची जबाबदारी सरकारने हळूहळू आपल्याकडे घेतली. १९४८ साली खारजमिनींचा कायदा आला, १९७९ साली नवा. हेतू चांगला होता. कूळ मालक झालं, हे न्याय्यच होतं. पण बांध मात्र 'सरकारचा' झाला. जोळ सैल पडत गेली आणि खांड पडल्यावर फावडं उचलण्याऐवजी अर्ज लिहायची सवय लागली. अर्जाला जेवढे दिवस लागतात, तेवढ्यात कितीतरी भरत्या येऊन जातात. खोतशाही मोडताना सामूहिक दुरुस्तीची जागा कोण घेणार, हे ठरवायचं राहून गेलं. त्याची किंमत खारेपाट अजून मोजतो आहे.

आमच्या भागाचं बरंचसं नियोजन नेहमी पलीकडच्या किनाऱ्यावरून झालं. अलिबागची चुंबकीय वेधशाळा घ्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली ती इथे आली. तिचा अभिमान आम्हाला आहेच, पण निर्णय मुंबईच्या सोयीचा होता. उलट तालुक्याच्या स्वतःच्या गरजेचं सांबरकुंड धरण १९८२ साली मंजूर झालं आणि चार दशकं रखडलं. २०१९ साली मुंबई महानगर प्रदेशाची हद्द वाढून सगळा तालुका तिच्यात आला. २०२० साली मांडव्याला रो-रो सुरू झाली, २०२४ साली अटल सेतू. आता विरार–अलिबाग मार्गिका येते आहे. रस्त्यांना माझा विरोध नाही. रात्री-अपरात्री आजाऱ्याला मुंबईला न्यायची वेळ आलेल्या कुठल्याही घराचा नसेल. पण या सगळ्या योजना माणसं किती वेगाने येतील ते मोजतात. आलेली माणसं कुठलं पाणी वापरतील, ते मोजत नाहीत.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा याचं एक टोक दिसलं. पोफळी काडीसारख्या मोडल्या, विजेचे खांब आडवे झाले. आमच्या विहिरीत पाणी होतं, पण पंपाला वीज नव्हती आणि रहाट केव्हाच भंगारात गेला होता. बादली-दोराने जेवढं निघेल तेवढं घरात वापरायचं. उभ्या राहिलेल्या झाडांना पहिल्या पावसाने वाचवलं, आम्ही नाही.

रहाट परत आणा, असं मी म्हणत नाही. त्याच्याभोवती फिरणाऱ्या जनावराला आणि त्याच्यामागे चालणाऱ्या गड्याला कुणी विचारलं नव्हतं. पण त्याने पाळलेली मर्यादा आता आपल्याला शहाणपणाने ठरवावी लागेल, आणि ती मंत्रालयातून ठरणार नाही. प्रत्येक विहिरीची पातळी आणि खारटपणा दर महिन्याला मोजणं अवघड नाही. क्षार मोजायचं साधं यंत्र स्वस्त असतं, नोंद फोनवर ठेवता येते. गावाचा विकास आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो. त्यात रस्ता आणि सभामंडपाइतकीच जागा या नोंदींना मिळू शकते. मग नव्या कॉटेजला परवानगी देताना 'जागा आहे का' याच्या जोडीला 'पाणी आहे का' हेही विचारता येईल. एखाद्या उन्हाळ्यात काही विहिरी एकदम खारावू लागल्या, तर उपसा कुणी आणि किती कमी करायचा, हे भांडण अंदाजावर न होता आकड्यांवर होईल. भांडण होईलच. जोळीतही होत असणार.

नागावच्या शिलालेखातलं राज्य गेलं, त्याचे अधिकारी गेले. बागा राहिल्या, कारण दर पिढीत कुणीतरी विहिरीतला गाळ काढला आणि पाट दुरुस्त केला. पुढच्या पिढीचा गाळ कोण काढणार, हे या गावात अजून ठरलेलं नाही.