कालवांचं बीज रिकाम्या शिंपल्यांवर कसं धरतात?

कालव म्हणजे खडकाला चिकटून वाढणारा शिंपला. पालनासाठी लागणारं त्याचं पिल्लू म्हणजे बीज. ते हॅचरीतूनच आणायला हवं असं नाही. खाडीत टाकाऊ वस्तूंवरही धरता येतं.

हे चालतं कसं?
कालवाची अळी साधारण २-३ आठवडे पाण्यात तरंगते. मग टणक जागा शोधून तिथे कायमची चिकटते. आपलं काम एकच: ती जागा वेळेवर हजर ठेवायची.

काय लागतं?
धुऊन वाळवलेले रिकामे शिंपले आणि नायलॉनची दोरी. शिंपल्यांना भोक पाडून, मध्ये अंतर ठेवून ओवायचं आणि माळा बांबूच्या मांडवाला टांगायच्या. चुना लावलेली जुनी कौलंही चालतात.

माळा कधी सोडायच्या?
फार आधी सोडल्या तर गाळ आणि इतर जीव जागा अडवतात. उशीर झाला तर अळ्या दुसरीकडे चिकटलेल्या असतात. ॲप रिलीज करण्यापेक्षा हे टायमिंग मला अवघड वाटतं!

महाराष्ट्रात कुठे होतं?
सिंधुदुर्गात महिला बचत गट खाडीत कालवपालन करतात. राज्याच्या २०१७ च्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेतही ते आहे.

ठाण्यात करावं का?
मी डोंबिवलीकर, त्यामुळे हा प्रश्न पडलाच. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे, पण तिच्यात सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी येतं. कालव पाणी गाळूनच पोट भरतं. त्यातले जड धातू त्याच्या अंगात साठतात, शिजवूनही जात नाहीत. म्हणून खाण्यासाठी इथे नकोच.