उपेक्षा आणि उपेक्खा

'उपेक्षित' हा शब्द आपल्या ठरावांत आणि भाषणांत इतका रुळला आहे की त्याचा अर्थ आपण विचारीनासे झालो आहोत. 'उप' म्हणजे जवळ, 'ईक्ष्' म्हणजे पाहणे. उपेक्षा करणारा जवळच उभा असतो. त्याला सारे दिसते आणि तो काही करीत नाही.

महाडच्या इतिहासात हा अर्थ नेमका सापडतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली संमत केला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. तो दप्तरातच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो सत्याग्रहींनी तळ्याचे पाणी घेतले. त्याच दिवशी सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच रद्द केला. इतकी वर्षे जी अलिप्तता वाटत होती, तिला बाजू होती हे तेव्हा उघड झाले.

हाच शब्द पालीत 'उपेक्खा' होतो. मेत्ता, करुणा, मुदिता यांच्या पंक्तीत ती चौथी; दहा पारमितांतही ती आहे, आणि १९५६ साली नागपुरात घेतलेल्या २२ प्रतिज्ञांत पारमितांचे पालन आहे. माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. आज वर्गात माझ्यासारख्याच घरांतून आलेली मुले विचारतात, "सर, जिने आम्हांला मारले, तीच आमचा सद्गुण कशी?"

प्रश्न रास्त आहे. 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) मध्ये बाबासाहेब उपेक्खेला बेपर्वाईपासून स्पष्टपणे वेगळी काढतात. आवडनावड मनातून गेलेली, फळाने न डळमळणारी, तरीही प्रयत्न न सोडणारी ती वृत्ती. चवदार तळ्याचा दावा डिसेंबर १९२७ पासून चालला. उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागला, तो अस्पृश्यांच्या बाजूने. दरम्यान निकालाची खात्री नसताना ज्यांनी तो दावा लढवला, त्यांच्यापाशी मला ही उपेक्खा दिसते.

आमच्या प्राध्यापकवर्गात "मी तटस्थ आहे" हे वाक्य फार प्रतिष्ठेचे आहे. 'तटस्थ' म्हणजेही काठावर उभा असलेला. महाडच्या तळ्याचा काठ आठवून प्रत्येकाने स्वतःला विचारावे: आपली तटस्थता यांपैकी कोणती?